राजपुत्र होते म्हणून राजदूत झाले?

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय पाहून खाली उतरताना पाहुणे हमखास विचारतात, "अप्पासाहेब पंत म्हणजे राजांचे चिरंजीव ना? मग राजदूतपद वशिल्यानंच मिळालं असणार." परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

अप्पासाहेब हे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे चिरंजीव, जन्म 1912चा, ऑक्सफर्डला शिकलेले, बॅरिस्टर. परराष्ट्र खात्यात नेहरूंनी त्यांना थेट घेतलं, हेही खरं. पण त्याआधीची दहा वर्षं बघा.

औंध हे जेमतेम 72 गावांचं संस्थान, तेही विखुरलेलं. काही गावं साताऱ्याकडे, काही आटपाडीच्या माणदेशात, काही पार विजापूरकडे. विलायतेहून परतलेल्या अप्पासाहेबांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरला इथं आणलं. 1939च्या जानेवारीत राजांनी आपणहून कारभार लोकांच्या हाती सोपवला आणि गावपंचायत हा राज्याचा पाया ठरला. त्या घटनेच्या मसुद्यावर खुद्द गांधीजींनी हात फिरवला होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, तिथं शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय राहून शेती करू लागले. ज्या मुलाच्या वाट्याला गादीचा थाट यायचा, तो वडिलांना सत्ता सोडायला साथ देत होता. माझ्या मते त्यांची खरी उमेदवारी इथं झाली.

1948 साली ते भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला गेले. तिथल्या भारतीयांत दुकानदार, व्यापारी पुष्कळ. गोऱ्यांच्या राज्यात आपल्यापुरत्या सवलती मिळाल्या की झालं, असं त्यातल्या अनेकांना वाटायचं. नेहरूंचं धोरण होतं की आफ्रिका आधी आफ्रिकनांची, आणि ते या मंडळींच्या गळी उतरवायचं काम अप्पासाहेबांकडे आलं. त्यांनी केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते जोमो केन्याटांशी मैत्री केली, आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकायला पाठवण्यासाठी खटपट केली. 1952मध्ये केनियात आणीबाणी आली, केन्याटांवर खटला भरला गेला, त्यांच्या बचावासाठी भारतातून वकील दिवाण चमनलाल गेले. अप्पासाहेब ब्रिटिशांच्या डोळ्यांत सलत होते. ब्रिटिशांच्या तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या आणि 1954मध्ये अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. वशिल्यानं खुर्ची मिळवलेला माणूस ती अशी पणाला लावतो का, तुम्हीच सांगा. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढं गंगटोक. सिक्कीम, भूतान आणि तिबेट अशा तिन्हींशी भारताचा व्यवहार तिथून चाले. 1958मध्ये नेहरू भूतानला निघाले तेव्हा मोटारीचा रस्ताच नव्हता. नथुला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, कधी पायी तर कधी घोड्या-याकवरून ते पारोला पोचले. बरोबर इंदिराबाई आणि अप्पासाहेब. त्यानंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, इटली. 1967च्या अरब-इस्रायल युद्धात ते कैरोतच होते.

निवृत्तीच्या आगेमागे आणि नंतरही त्यांनी इंग्रजीत लिहिलं. ‘अ मोमेंट इन टाइम’ या आठवणी बहुतेक जण आधी उचलतात. तुम्ही मात्र सुरुवात ‘अ‍ॅन अनयूज्वल राजा’पासून करा. त्यात गांधीजी आहेत, फ्रीडमन आहेत आणि आमची ती 72 गावं आहेत. नैरोबीचं प्रकरण त्याच्यानंतर वाचा.