वर्कशॉपच्या काकांना तवा लाल दिसला

गेल्या आठवड्यात थिसिसचं ऋणनिर्देशाचं पान लिहायला बसले आणि तिथंच अडकले. गाइड झाले, एचओडी झाले, घरचे, लॅबमधल्या पोरी, फेलोशिप देणारे सगळे झाले आणि शेवटी सवयीनं टाइप केलं, 'विभागातील सर्व शिक्षकेतर कर्मचारी'. पाच वर्षांत मला अर्धं काम ज्यांनी शिकवलं ते सगळे एका ओळीत कोंबलेले, मलाच बरं वाटेना. म्हणून हे लिहितेय.

मी शिवाजी विद्यापीठात फिजिक्सला आहे, थिन फिल्मवर, म्हणजे काचेवर बसवलेल्या अगदी पातळ थरांवर काम करते. आमच्या स्प्रे पायरोलिसिसचं काम तसं सरळ आहे, तापलेल्या तव्यावर काचेच्या पट्ट्या ठेवायच्या, झिंक ॲसिटेटचं द्रावण कॉम्प्रेसरच्या हवेनं काचेच्या नोझलमधून फवारायचं, पट्टीवर पडून त्याचं तिथल्या तिथं विघटन होतं आणि झिंक ऑक्साइडचा पातळ थर बसतो. सगळा खेळ तव्याच्या तापमानाचा.

दुसऱ्या वर्षी दोन महिने माझी एक फिल्म धड बसेना. नुसती पांढुरकी भुकटी, बोट फिरवलं की बोटालाच. मी द्रावण पातळ करून बघितलं, नोझलची उंची बदलली, हवेचा दाब कमी केला, काचा परत परत धुतल्या, काही उपयोग नाही. तव्याचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर आपला ४५० अंश दाखवतोय. ज्यांच्याकडून घेतला त्या कंपनीला फोन केला तर न बघताच म्हणाले अख्खा कंट्रोलर बदला, आणि किंमत ऐकून मी फोन ठेवला. त्या दिवशी वर्कशॉपचे काका कॉम्प्रेसरच्या पाइपची क्लिप बसवायला आले होते. काम झालं तरी हलेनात, तव्याकडंच बघत उभे.

"किती म्हणालीस हे?"

"साडेचारशे, काका."

"लाइट घालव बघू. पडदा बी ओढ."

अंधारात मिनिटभर थांबलो, डोळे सरावले आणि मग दिसलं, तव्याच्या मधोमध अगदी मंद तांबूस.

"तवा लाल दिसायलाय की गं. साडेचारशेला लोखंड लाल दिसत न्हाई पोरी, पाचशेच्या म्होरं गेलंय हे."

तवा गार झाल्यावर त्यांनी खाली हात घातला तर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, आपल्या भोकातनं निसटून नुसतंच लोंबकळत होतं. ते कमी तापमान सांगतंय म्हणून कंट्रोलर करंट देतच राहिलाय, आणि द्रावण काचेला टेकायच्या आधीच वरच्या वर सुकून भुकटी व्हायचं. काचा किंचित वाकल्यासारख्या दिसायच्या ते मी दुकानदाराच्या मालावर ढकललं होतं. एम.एस्सी.ला कृष्णवस्तूच्या प्रारणाचे, म्हणजे तापलेली वस्तू किती आणि कुठला प्रकाश देते त्याचे ग्राफ मी स्वतः काढलेत, त्यातनं हेच निघतं, साधारण ५२५ अंशांच्या पुढं वस्तू अंधारात लाल दिसायला लागते. मला ते पेपरात येत होतं, काकांना डोळ्यांत.

काका विद्यापीठात यायच्या आधी १४ वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत होते, त्याच्याही आधी पोरगं असताना उद्यमनगरात एका लेथवर हेल्पर. भट्टीतल्या बिडाचा रंग बघून ओतायचं का थांबायचं ते ठरवायचं, हे रोजचं काम. कोल्हापुरात घराघरात कुणीतरी फाउंड्रीत असतंच, त्यामुळं आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण प्रयोगशाळेत ते ज्ञान आलं कुठून, कुठल्या रस्त्यानं, हे विचारायचं मला तोवर सुचलंच नव्हतं.

मग मी विचारत सुटले. नोझल बनवून देणारे एकजण आधी इंजेक्शनच्या काचेच्या ॲम्प्युल करायच्या कारखान्यात होते. रात्री गेटवर असतात ते मामा गडहिंग्लजकडचे, सैन्यात सिग्नलला होते, आमच्या मजल्यावर वायरिंग जळाल्याचा वास आला तर पहिले तेच धावतात. लायब्ररीत जुनी कागदपत्रं सांभाळायला मदत करणाऱ्या ताई आधी छापखान्यात प्रूफं वाचायच्या. केमिस्ट्रीच्या एका सरांनी कोकणातल्या लोटे एमआयडीसीत केमिकल कंपनीत रात्रपाळ्या काढल्यात, ते रिॲक्शन मोठ्या प्रमाणात करायची म्हटली की आधी उष्णता कुठं जाणार ते विचारतात, बाकी सगळं नंतर.

मला सगळ्यात आवडलं ते बॉटनीच्या बागेतल्या दादांचं. तिथं कंदीलपुष्पाच्या जाती जतन केल्यात, सह्याद्रीतल्या दुर्मिळ, पावसात फुलणाऱ्या, फूल खरंच इवल्या कंदिलासारखं. ही झाडं कमी व्हायचं एक कारण म्हणजे त्यांचे कंद लोक उकरून खातात. दादा गगनबावड्याकडचे, लहानपणी गुरं राखायला गेल्यावर त्यांनी स्वतः ते खाल्लेत. पान न फुटता नुसता वेल जमिनीतनं वर आला तरी ते ओळखतात, कारण तेव्हा भूक लागलेली असायची. आज तेच हात कुंडीतली माती बदलताना कंदाला नख लागू देत नाहीत.

आता राग येतो ती गोष्ट. माझी एक मैत्रीण दुसरीकडं एका संस्थेत मुलाखतीला गेली होती, सहा वर्षं औषध कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये काढून मग पीएचडी केलेली. तिला विचारलं, मधे एवढा गॅप का? गॅप! सहा वर्षं रोज एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र, चालवणारी बाई. त्या फॉर्ममध्ये शिकवण्याच्या अनुभवाला मार्क होते, या सहा वर्षांना शून्य. हे चूक आहे, आणि हे मी कुणापुढंही म्हणेन.

१९६२ ला विद्यापीठ झालं तेव्हा पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार होते, सायन्सचा नाही, इतिहासाचा माणूस. सागरमाळावर नुसता खडक होता. आज सायन्सच्या आमच्या इमारती त्याच ८५३ एकरांत उभ्या आहेत, मी डबा खाते त्या झाडाखाली बसून हे कधीकधी डोक्यात येतं.

तर ते पान. 'शिक्षकेतर कर्मचारी' ही ओळ काढली, एकेकाला जाऊन पूर्ण नाव विचारलं आणि आधी काय करायचे तेही. काका म्हणाले, "फाउंड्रीचं लिहिणार व्हय? मग मोल्डर लिही, हेल्पर नको. हेल्पर पहिली दोनच वर्षं हुतो." तसं दुरुस्त केलं, आणि काल राजारामपुरीत बाइंडिंगला देऊन आले.