तासाचा धंदा, बिलाचा धंदा

रविवार, रात्री उशिरा

पेव्हर, म्हणजे रस्त्यावर डांबरी माल पसरणारं मशीन, घ्यायचं ठरलं. मामंजी हो म्हणाले, पण जेवताना गप्पच होते. यांना वाटतं, त्यांनी कर्जाची धास्ती घेतलीय. मला नाही तसं वाटत. हिशेब मी लिहिते, त्यामुळे दुखतंय कुठे ते मला ठाऊक आहे.

त्यांचा धंदा तासाचा. जुना ‘थ्रीडी’ मॉडेलचा जेसीबी घेऊन ते वाकड-हिंजवडीकडे पाये खोदत फिरले. मशीनचं तास मोजणारं मीटर सकाळी बघायचं, संध्याकाळी बघायचं, मधले तास गुणिले दर. चिठ्ठीवर सही आणि बहुतेकदा पैसे हातावर. आपल्याकडे जमीनही अशी की वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. कातळ लागला की घर बांधणाऱ्याचं तोंड उतरायचं आणि आमचा कातळ फोडायचा ब्रेकर सुरू व्हायचा, वेगळ्या दराने. पुढे पोकलेन आला, डंपर आले. इथवरची वाढ त्यांच्या बोटांवर मोजता येत होती.

मग २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. ड्रेनेज, पाण्याच्या लाइनी, वरचे रस्ते. हे आणि भावजी टेंडर भरू लागले. इथे मीटर नाही, एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही. साहेब मोजणार, नोंद होणार, आरए बिल, म्हणजे चालू कामाचं टप्प्याचं बिल, या टेबलावरून त्या टेबलावर जाणार आणि शेवटी अनामत कापून उरेल ते आपलं. डांबराचा टँकर मात्र पैसे आधी भरल्याशिवाय हलत नाही. खडी-मुरमावर सरकारला भरलेल्या रॉयल्टीच्या पावत्या नसतील तर बिल तिथेच अडकतं. ती फाइल मी कुलपात ठेवते.

शुक्रवारी साइटवर गेले होते. डांबरी मालाचा हायवा डंपर ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आला. भावजींनी ताडपत्री उचलून थर्मामीटर खुपसला. प्लांटवरून दीडशे अंशांच्या वर निघालेला माल ११८ वर आलेला. असा गार माल रोलरखाली नीट दबत नाही, मग पहिल्याच पावसाळ्यात खडी सुटते. त्यांनी गाडी परत पाठवली. अख्खी गाडी! मामंजी लांबून बघत होते. तासाच्या धंद्यात असं काही नसतंच, मशीन बंद की मीटर बंद.

तरी पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्याचं नाव मामंजीच काढतात. १९७६ चा तो रस्ता, मुंबईच्या रेकॉन्डोने केलेला. कंपनी दोघा पारशी भावांची, आणि दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी हमी. आमच्या चालू कामाचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे रस्ता बिघडला तर आपणच दुरुस्त करून द्यायची मुदत, तीन वर्षांचा, तेवढ्यानेच भावजींची झोप उडते. कारण आपण डांबर टाकून निघालो की महिन्याभरात कुणीतरी केबलसाठी तोच रस्ता खणायला येतं. (खणणारा जेसीबी कधीकधी आमचाच असतो, तासावर. हे भावजींसमोर बोलायचं नाही.)

मी एक अट घातलीय आणि ती मान्य झालीय. दोन जेसीबी टेंडरच्या कामाला जुंपायचे नाहीत, भाड्यानेच फिरवायचे. ऑपरेटरांचे पगार आणि पेव्हरचा हप्ता त्यांच्या तासांतून निघायला हवा. हप्ता पाच तारखेला आहे, मागच्या कामाचं फायनल बिल कधी निघेल ते कुणी सांगू शकत नाही. अट ऐकून मामंजींनी पहिल्यांदा ताक मागितलं.

उद्या बँक. जामीनदार म्हणून त्यांचीच सही लागणार आहे.