एकसष्ट गोण्या

उन्हाळा लागला की आमच्या सोसायटीत दोन आवाज सुरू होतात. पहाटे कोकिळेचा आणि सकाळी दहापासून ब्रेकरचा. कोकिळा निदान मध्ये दम तरी घेते. पोरांच्या परीक्षा संपायची खोटी, कुणी ना कुणी भिंत पाडायला नाहीतर फरशी उखडायला काढतंच. त्यात शहाणपणही आहे म्हणा. वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, रंग हे सगळं मृगाच्या आत उरकलं नाही, तर पुढचे चार महिने पोपडे मोजत बसायचं. शिवाय मुलं आजोळी गेलेली असतात आणि निम्मे शेजारी गावी, म्हणजे भांडायला माणसंही कमी.

यंदा नंबर आमचा लागला. खालच्या वहिनींच्या छतावर आमच्या बाथरूमनं भारताचा नकाशा काढला होता. ओल श्रीलंकेपर्यंत पोचली तेव्हा त्या वर आल्या, चहा नको म्हणाल्या, आणि "आता बघा बाई काहीतरी" एवढंच बोलून गेल्या. पुण्यात चहा नाकारला की समजून घ्यायचं असतं.

बाथरूम ते केवढं? सात फूट बाय चार फूट. मिस्त्रींना विचारलं, "माती कितीशी निघेल?" त्यांनी दारातूनच आत नजर टाकली आणि म्हणाले, "निघंल की काकू, साठेक गोण्या." मला हसू आलं. माणूस दर वाढवायची तयारी करतोय, असं वाटलं.

फरशीखाली काय असतं हे मला तेहतीस वर्षं त्या फरशीवर उभं राहूनही माहीत नव्हतं. बाथरूमचा स्लॅब मुद्दाम फूटभर खाली घेतलेला असतो, पाइप फिरवायला. तो खड्डा मग विटांचे तुकडे आणि कोबा घालून भरतात आणि वर फरशी बसवतात. म्हणजे अठ्ठावीस घनफूट भर नुसती पायाखाली! त्यात चारी भिंतींच्या सात फुटांपर्यंतच्या फरश्या आणि त्यांच्या मागचं दीड इंची प्लास्टर. फुटलं की ते सगळं फुगतं. भिंतीत गुमान बसलेली वीट गोणीत गेली की दीडपट जागा मागते. आमची निघाली एकसष्ट गोण्या. सिमेंटच्याच रिकाम्या गोण्या, पण पन्नास किलो भरायच्या नाहीत, चाळीसच्या आत. का, ते गोणी डोक्यावर घेणाऱ्याला विचारावं. लिफ्टमधून राडारोडा न्यायला सोसायटीची बंदी आहे, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरून प्रत्येक गोणी जिन्यानं उतरली. दर गोणीला आणि मजल्याला. वरून खाली येताना मजल्याचे पैसे कशाला, असं आमच्या ह्यांनी विचारलं. त्यावर गोण्या वाहणारा पोरगा काही बोलला नाही, फक्त परत वर चढून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी कोबा फुटताना मिस्त्रींनी हाक मारली. हातात गंजलेलं एक बूच होतं. पदराच्या टोकानं पुसलं तर अक्षरं दिसली, गोल्डस्पॉट! आमची इमारत 1991 ची. कुणीतरी गवंडी दुपारी त्या खड्ड्यात बसून गोल्डस्पॉट प्यायला असणार, बूच तिथंच टाकलं आणि वर विटांचे तुकडे ओतले. तेहतीस वर्षं मी त्या बुचावर उभी राहून अंघोळ करत होते. ते मी धुऊन देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलंय. सासूबाईंना ते पसंत नाही.

मधल्या काळात मुंबईहून मावसभावाचा फोन. स्पीकरवर त्यानं विचारलं, "रॅबिट कुठं टाकणार आहेस गं?" सासूबाई दचकल्या. "अगो, ससा आणलास? या धुळीत?" मुंबईकर या मालाला रॅबिट का म्हणतात ते तेच जाणोत. आमचा राडारोडा त्या मानानं सरळ शब्द. राडा म्हणजे चिखल, रोडा म्हणजे विटेचा तुकडा. मुंबईत मारामारीलाही राडाच म्हणतात, आणि घरात काम काढल्यावर तोही अर्थ लागू पडतो. नळ चकचकीत घ्यायचे की साधे, यावरून आमच्याकडे दोन दिवस पडला होता.

गोण्या फाटकाजवळ गुलमोहराखाली रचल्या. मोजून एकसष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले तर ढीग जरा गुबगुबीत दिसला. मोजल्या. सहासष्ट! त्यातली एक खताची गोणी होती आणि तिच्यातून पीओपीची नक्षी डोकावत होती. आमच्या घरात पीओपी नाही. तिसऱ्या दिवशी एकाहत्तर, आणि वर मोडकी खुर्ची. शनिवारी सकाळी चौऱ्याहत्तर गोण्यांच्या माथ्यावर गुलाबी रंगाचा एक कमोड विराजमान होता, गुलमोहराच्या फुलांनी शिंपलेला. कुणाच्या घरी गुलाबी कमोड होता हे सोसायटीतल्या बायकांना ठाऊक नसणं शक्य नाही. पण त्या सकाळी कुणालाच आठवेना. वॉचमनना विचारलं. ते बिचारे रात्रभर फाटकातच असतात. "मी काय बघितलं नाय, काकू," ते म्हणाले, आणि इतक्या ठामपणे म्हणाले की त्यांनी सगळं बघितलंय याची माझी खात्री पटली.

मग टेम्पोवाला आला. भाव ठरला. मी सहज विचारलं, "टाकता कुठं?"

"लागतो की भराव कुठं ना कुठं."

हे 'कुठं ना कुठं' मला नीट माहीत आहे. आम्ही सिंहगड रोडला राहतो. 25 जुलै 2024 ला मुठेकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा माझी मैत्रीण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून स्वतःच्या गाडीचं नुसतं टप बघत होती. खडकवासला धरणातून किती सोडलं, कधी सांगितलं, यावर महिनाभर वाद झाले. पण नदीपात्रात रात्री-अपरात्री पडणारे ढीग आम्ही सगळे फिरायला जाताना बघतच होतो. त्यातल्या कुठल्या ढिगात कुणाचं स्वयंपाकघर होतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून म्हटलं, "वाघोलीला न्या." तिथं महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. माल चाळतात, दळतात, आणि त्यातून पेव्हिंग ब्लॉक वगैरे होतात. आपला राडारोडा वेगळा ठेवायचा, रस्त्यात किंवा गटारात जाऊ द्यायचा नाही आणि नेमलेल्या ठिकाणीच पोचवायचा, ही जबाबदारी केंद्राच्या 2016 च्या नियमांनी ज्याच्या घरचा त्याच्यावरच टाकली होती. टेम्पोवाल्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं. वाघोली म्हणजे शहराचं दुसरं टोक आणि मधे नगर रोडची कोंडी. डिझेल त्याचं, अर्धा दिवस त्याचा. नदी मात्र दहा मिनिटांवर. त्याचा हिशोब मला पटत होता, हीच पंचाईत होती. खेपेला हजार जास्त, अशा दोन खेपांचे दोन हजार वाढवून ठरलं, पण वजनकाट्याच्या पावतीवर. "पावतीचं लोणचं घालणार का?" इति आमचे हे. संध्याकाळी पावत्या आल्या. दोन्ही मिळून 2 टन 940 किलो. त्यात गुलाबी कमोडही आला. लोकांच्या तेरा गोण्या आणि एक सिंहासन मी पदरच्या पैशानं वाघोलीला पोचवलं, हे मी पुढे आठवडाभर, विचारलं नसलं तरी, प्रत्येकाला सांगत होते. सोसायटीच्या ग्रुपवर पावतीचा फोटोही टाकला. बावीस जणांनी अंगठे दिले. गुलाबी कमोडवालेही त्यात असणार.

बाथरूम झालं. पांढरंशुभ्र आहे, जरा दवाखान्यासारखं. खालच्या वहिनी येऊन चहा पिऊन गेल्या.

राहिली एक गोणी. शेवटच्या दिवशी कापलेल्या फरश्यांचे तुकडे, घट्ट झालेलं सिमेंट, कोपऱ्यातली झाडलोट असं भरून मिस्त्रींनी गॅलरीत ठेवली आणि ते गावी गेले. एका गोणीसाठी टेम्पो कोण आणणार? सासूबाई म्हणाल्या, कुंड्यांच्या बुडाशी खापऱ्या लागतात, राहू दे. कुंड्या आमच्याकडे सहा. खापऱ्या सहाशे. पंधरा दिवस ती गोणी कपडे वाळत घालताना माझ्या पायात येत होती.

परवापासून बी विंगमध्ये काम निघालंय. कालपासून गुलमोहराखाली त्यांच्या गोण्या रचायला सुरुवात झाली. काल रात्री साडेअकराला, सगळीकडे निजानीज झाल्यावर, मी आणि हे ती गोणी दोन टोकांना धरून जिन्यानं उतरलो. लिफ्ट वापरली नाही, नियम आहे. ढिगाच्या मागच्या बाजूला, दिव्याचा उजेड पडत नाही तिथं, अलगद टेकवली. वळलो तर खुर्चीतून आवाज आला.

"मी काय बघितलं नाय, काकू."