ब्राउझर निवडला दोन तासांत, अडकले १९ दिवस

एका खात्याच्या बंद दारापुढे १९ दिवस काढून काल आत शिरले. राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून सगळं आठवतंय तोवर लिहून टाकते. ब्राउझर बदलायचा विचार असेल आणि पुढचं वाचायला वेळ नसेल, तर निदान एवढं करा: नवा रुळेपर्यंत, चांगला महिनाभर, जुना ब्राउझर काढू नका.

बदलायचं ठरलं ते एका एक्स्टेन्शनमुळे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममुळे. जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्ट अडवायला मी वर्षानुवर्षं यूब्लॉक ओरिजिन वापरत होते. माझा ब्राउझर क्रोमियमवर बांधलेला, म्हणजे क्रोम ज्या खुल्या पायावर उभा आहे त्यावर. तिथे एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही २ जाऊन व्ही ३ आलं. पानाकडून जाणारी प्रत्येक विनंती थांबवून तपासायची मुभा साध्या एक्स्टेन्शनला उरली नाही. काय अडवायचं त्याचे नियम ब्राउझरच्या हवाली करायचे आणि अडवायचं काम ब्राउझरनं करायचं. यूब्लॉकची लाइट आवृत्ती त्यावर चालते, पुष्कळांना पुरतेही. मला पुरली नाही.

निवडीत फारसं डोकं लागलं नाही. नावं डझनभर दिसली तरी पान उभं करणारी मोठी इंजिनं तीनच: ब्लिंक, गेको आणि वेबकिट. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे ब्लिंकवर, फायरफॉक्स गेकोवर, सफारी वेबकिटवर. ब्लिंकच्या घराण्यातला एखादा घ्यायचा असेल तर एक गोष्ट जरूर तपासा. ब्लिंक हे क्रोमियमचंच इंजिन, त्यामुळे सुरक्षेची दुरुस्ती आधी क्रोमियममध्ये होते आणि बाकीचे ती तिथून उचलतात. कोण किती लवकर उचलतं, ते सेटिंगमधल्या आवृत्तीच्या आकड्यावरून कळतं. दोष जाहीर झाल्यानंतरचे ते मधले दिवसच धोक्याचे असतात, त्यामुळे रंगीत जाहिरात पानापेक्षा मी या आकड्याला जास्त किंमत देते.

मी फायरफॉक्स घेतला. यूब्लॉक तिथे पूर्ण ताकदीनं चालतं. प्रत्येक साइटच्या कुकी (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या ओळखीच्या छोट्या नोंदी) वेगळ्या बरणीत ठेवायची पद्धत २०२२ पासून आपसूक चालू असते, म्हणजे एका साइटवर ठेवलेली कुकी दुसऱ्या साइटवर तुमची ओळख सांगू शकत नाही. शिवाय कंटेनर आहेत: कामाचं खातं एका रंगाच्या टॅबमध्ये, घरचं दुसऱ्या रंगाच्या, एकाच खिडकीत. उभे टॅब २०२५ मध्ये आले, तेही हवे होते. विवाल्डीत टॅबच्या चळती फार छान रचता येतात, तेवढी एक गोष्ट सोडताना जीवावर आलं. ब्रेव्हमध्ये जाहिरात अडवायची सोय अंगचीच आहे. एक्स्टेन्शनच्या भानगडीत पडायचं नसेल तर मी तोच सुचवेन.

बुकमार्क पाच मिनिटांत आले. पासवर्डही आले. जुन्यातून सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, काढायची, नव्यात भरायची.

आणि इथे मी चूक केली. सगळं आलं असं समजून जुना ब्राउझर काढला. काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसा’ या चौकटीत खूण केली. वर त्याच्या सिंक खात्यात (जिथे ब्राउझर आपल्या डेटाची प्रत ठेवतो) जाऊन सर्व्हरवरचा डेटाही पुसला, मागे काही राहू नये म्हणून. त्या संध्याकाळी मला फार मोकळं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या कामाच्या फायली जिथे ठेवते ती सेवा उघडली. पडद्यावर आलं: ‘या उपकरणावर पासकी सापडली नाही.’

पासकी म्हणजे किल्ल्यांची जोडी. एक किल्ली साइटकडे असते, ती चोरीला गेली तरी चोराला तिचा उपयोग नाही. दुसरी, गुप्त किल्ली, तुमच्या ब्राउझरच्या, फोनच्या किंवा पासवर्ड मॅनेजरच्या तिजोरीत. ती साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब नकली पानावर ती चालतच नाही. याच गुणासाठी मी ती हौसेनं लावली होती आणि लावल्यावर पासवर्डनं शिरायची वाट बंदही करून टाकली होती. आजही म्हणेन, पासकी लावाच. पण सीएसव्ही फाइलमध्ये फक्त पासवर्ड येतात, पासकी येत नाही, आणि ही गोष्ट निर्यातीच्या पडद्यावर मला कुणी सांगितली नाही. पासकी एका तिजोरीतून दुसरीत सुरक्षित हलवायचा सामायिक मसुदा फिडो अलायन्सनं, म्हणजे पासकीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मांडला. माझ्या जुन्या ब्राउझरमध्ये त्यातलं काही नव्हतं. माझी एकुलती एक पासकी जुन्याच्या तिजोरीत होती आणि ती तिजोरी मी स्वतःच्या हातानं दोन्हीकडून पुसली होती.

उरला खातं परत मिळवायचा अर्ज. जुना ईमेल, खातं साधारण कधी उघडलं, शेवटचं कधी वापरलं, सगळं भरलं. खाली सूचना: ‘नेहमीच्या उपकरणावरून अर्ज करा.’ उपकरण नेहमीचंच होतं. उत्तराला सात दिवस. सातव्या दिवशी एक ओळ आली: ‘आम्ही तुमची ओळख पटवू शकलो नाही.’ कारण नाही, पुढे काय करायचं तेही नाही. त्याच तासाला दुसरा अर्ज केला, या वेळी आणखी तपशील देऊन. पुन्हा सात दिवस. मधल्या काळात मदतकक्षाच्या चॅटवर तीन वेळा गेले. तिन्ही वेळा तेच ठरलेलं वाक्य: ‘मॅडम, कॅशे साफ करा आणि दुसऱ्या ब्राउझरमधून प्रयत्न करा.’ दुसऱ्या ब्राउझरमधून आले म्हणूनच तर अडकले, हे किती वेळा लिहावं? कामाचे लोक फायली मागत होते. निम्मं काम मी आठवणीतून पुन्हा केलं. चौदाव्या दिवशी तीच ओळ, शब्दाचाही फरक नाही. त्या दिवशी मला खरोखर रडू आलं.

त्या दुपारी चौथ्यांदा चॅटवर गेले आणि पहिल्यांदाच पलीकडे असा माणूस भेटला ज्यानं माझा अर्ज उघडून पाहिला. त्यानं विचारलं, ‘मॅडम, तुमच्या ब्राउझरचं घड्याळ कुठल्या वेळेवर आहे? कनेक्शन एका ठिकाणचं दिसतंय आणि ब्राउझर दुसरीच वेळ सांगतोय.’ मग डोक्यात प्रकाश पडला. नवा ब्राउझर घेतला त्याच दिवशी मी अबाउट कॉन्फिगमध्ये, म्हणजे फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगच्या पानावर, जाऊन ‘प्रायव्हसी डॉट रेझिस्टफिंगरप्रिंटिंग’ हे सेटिंग चालू केलं होतं. ओळख लपवून वावरायच्या टॉर ब्राउझरमधून आलेली ही सोय. ती चालू केली की ब्राउझर सगळ्या साइटना तुमची स्थानिक वेळ न सांगता यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ सांगतो, चित्रं काढायच्या कॅनव्हासमधून तुमची ओळख वाचू देत नाही, आणखीही बरंच लपवतो. हेतू असा की तुम्ही गर्दीत मिसळून जावं. बंद करताना कुकी पुसायचं सेटिंगही मी लावलं होतं. वर कनेक्शनचं खरं ठिकाण लपवणारं व्हीपीएन. म्हणजे मीच मालकीण आहे हे ज्या खुणांवरून ती सेवा ओळखणार होती, ती एकूण एक खूण मी पुसून आले होते, आणि पलीकडून मी अगदी चोरासारखी दिसत होते.

मला राग आहे तो इथे. पहिल्याच नकारात ‘ब्राउझरची वेळ आणि कनेक्शनचं ठिकाण जुळत नाही’ एवढं लिहिलं असतं तर दुसरा आठवडा वाचला असता. खात्याची राखण कडक हवी, माझं काही म्हणणं नाही. पण माणसाला कारणही न कळवता सात-सात दिवस ताटकळत ठेवण्यात सुरक्षा कुठली?

तिसरा अर्ज त्याच दिवशी केला. व्हीपीएन बंद, ते सेटिंग बंद, त्या साइटपुरतं कुकीला अभय. पाचव्या दिवशी खातं उघडलं. फायली जागच्या जागी पाहून हातपाय गळून गेल्यासारखे झाले, इतकं हायसं वाटलं.

आत शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जे केलं ते तुम्ही आधी करा. दुसरी पासकी लावली, तीही ब्राउझरच्या तिजोरीत नाही. माझे सगळे पासवर्ड आता किपासएक्ससी या वेगळ्या मॅनेजरमध्ये आहेत. त्याची एकच कुलूपबंद फाइल असते, ती माझ्याकडे राहते, आणि तो पासकीही ठेवतो. ब्राउझर उद्या बदलला तरी तिजोरी जागची हलणार नाही. आणीबाणीचे कोड कागदावर लिहून घेतले. क्यूआर कोड दाखवून फोनमधली पासकी वापरायची वाटही असते, पण त्यासाठी फोन आणि संगणक दोन्हींवर ब्लूटूथ लागतं. माझ्या संगणकाला ते नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका.

कडक सेटिंग एका दिवशी एकच लावा आणि रोजच्या साइट उघडून बघा. ते रेझिस्टफिंगरप्रिंटिंग मी आता रोजच्या प्रोफाइलमध्ये बंदच ठेवलंय; ज्या वाचनात नाव सांगायची गरज नाही त्याच्यासाठी वेगळं प्रोफाइल केलंय, तिथे चालू. ज्या साइटना फायरफॉक्स मानवत नाही, अशा माझ्या दोनच निघाल्या. त्यांच्यासाठी एज ठेवलाय.

आणि ती सीएसव्ही फाइल. तिच्यात सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत असतात, कुणीही उघडून वाचावेत असे. माझी १९ दिवस डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून होती, आणि ते फोल्डर आपोआप क्लाउडवर चढतं. काल रात्री दोन्हीकडून पुसली, दोन्हीकडची कचरापेटी रिकामी केली, आणि आता एकेक महत्त्वाचा पासवर्ड बदलतेय. आतापर्यंत अकरा झालेत.