चिदंबरम पिल्लैंची सनद

मागे कामासाठी चेन्नईला गेले होते, दुपार मोकळी मिळाली म्हणून गिंडीच्या गांधी मंडपमला जाऊन आले. तिथे एक दगडी घाणा ठेवलाय. बैल जुंपतात तसलाच, पण हा ओढला व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी, कोइमतूरच्या तुरुंगात, आणि हा माणूस माझ्यासारखाच वकील! मी बराच वेळ तिथून हललेच नाही.

१८७२ चा जन्म, ओट्टपिडारमचा. वडीलही वकील. तुतिकोरिनला प्रॅक्टिस चांगली चालली होती, गरिबांच्या केसेस घ्यायचे. तेव्हा तुतिकोरिन-कोलंबो मार्गावर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचीच चलती होती. स्वदेशीचं वारं आलं तसं यांनी ठरवलं की आपली बोट पाहिजे, आणि १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली पण. भांडवल १० लाख, २५ रुपयांचा एक शेअर, असे ४०,०००. आधी भाड्याने बोटी घेतल्या, पण इंग्रज कंपनीच्या दबावापुढे ते करार टिकेनात, मग 'गॅलिया' आणि 'लावो' या स्वतःच्याच बोटी आणल्या. समोरच्यांनी तिकीट उतरवत उतरवत शेवटी फुकट केलं, वर प्रवाशांना छत्री वाटली म्हणतात. तरी लोक यांच्या बोटीत बसायचे.

पुढे १९०८. फेब्रुवारीत तिथल्या कोरल मिलच्या कामगारांनी संप केला, यांनी आणि यांचे सहकारी सुब्रमण्य शिवा यांनी तो चालवला आणि मजुरी वाढवून घेतली. एक वकील बोटीही चालवतो आणि कामगारही उभे करतो म्हटल्यावर सरकार गप्प बसणार नव्हतंच. १२ मार्चला अटक, दुसऱ्या दिवशी तिरुनेलवेलीत लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, चार जण गेले. कोर्टाने राजद्रोहासाठी एक आणि शिवांना साथ दिली म्हणून दुसरी अशा दोन जन्मठेपा दिल्या, ४० वर्षं!! अपिलात शिक्षा कमी झाली ती नंतर.

आपल्याकडे १९०८ म्हटलं की टिळकांचा खटला आणि मंडाले, एवढंच डोळ्यासमोर येतं. पण सुरतच्या काँग्रेसमध्ये टिळकांच्या बाजूने उभा राहिलेला हा माणूस त्याच वर्षी घाण्याला जुंपला गेला, आणि हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही याचं खरंच वाईट वाटतं.

ते आत असतानाच १९११ मध्ये कंपनी बुडाली आणि बोट गेली कुणाकडे, तर त्याच इंग्रज कंपनीकडे. डिसेंबर १९१२ मध्ये सुटले तर बाहेर गर्दी नाही, काही नाही. शिवा मात्र आले होते, तुरुंगात महारोग जडलेले. आणि वकिलीची सनद गेलेली. मद्रासला राहून किराणा विकला, रॉकेल विकलं, टिळक महिन्याला ५० रुपये पाठवायचे. ज्याने १० लाखांची कंपनी उभी केली त्याला ५० रुपयांची वाट बघावी लागली हो.

सनद काढून घेणं म्हणजे नुसती कमाई जाणं नव्हे. आपल्याला सगळं येतंय, दारात अशील उभा आहे, आणि कोर्टात मात्र उभं राहता येत नाही, हे कसं खात असेल ते वकिलाला विचारा.

ती परत मिळाली ती वॉलेस नावाच्या एका इंग्रज जज्जामुळे. पिल्लैंनी त्या उपकाराची आठवण म्हणून मुलाचं नाव वालेश्वरन ठेवलं. इतकं सोसून मन एवढं स्वच्छ कसं राहिलं असेल? मग कोविलपट्टीला आणि पुन्हा तुतिकोरिनला प्रॅक्टिस केली. १८ नोव्हेंबर १९३६ ला गेले, तुतिकोरिनच्या काँग्रेस ऑफिसात, शेवटी मला तिथेच न्या असं त्यांनीच सांगितलं होतं.