मुखदुर्बळ पाहुण्यासाठी उघडं दार

यूएसबीचं यंत्र जोडलं की आपलं नाव, गाव, कुळ सांगून मोकळं होतं आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यावरून ड्रायव्हर बोलावतो. प्रिंटर जोडायचा २५ पिनांचा जुना पॅरलल पोर्ट मात्र मुखदुर्बळ. मदरबोर्डवर असला तर फर्मवेअर निदान त्याची ओळख करून देतं आणि पारपोर्ट-पीसी हे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा तुकडा, आपसूक चढतं. पण त्याच्या डोक्यावर बसणाऱ्या एलपीला, म्हणजे छपाईच्या मॉड्यूलला, कोण बोलावणार? छापायला डेव्ह फोल्डरात एलपी-शून्य ही डिव्हाइस फाइल लागते, आणि एलपी चढल्याशिवाय ती जन्मालाच येत नाही.

म्हणून डेबियन-उबुंटू या लिनक्सांच्या कप्स-फिल्टर्स या छपाईच्या पॅकेजनं सरळ दार उघडं ठेवलं. 'मॉड्यूल्स-लोड' फोल्डरातल्या एका इवल्याशा फाइलीत एलपी, पीपीडेव्ह, पारपोर्ट-पीसी ही तीन नावं. दर बूटला तिन्ही हजर. पोर्टच नसलेल्या लॅपटॉपवरही एलपी निमूट चढतं आणि डीमेसेज या कर्नलच्या नोंदवहीत लिहितं, ड्रायव्हर आला, यंत्र सापडलं नाही.

ही उधळपट्टी म्हणावी तर सगळं मिळून २०० किलोबाइटांच्या आसपास. सुप्रभातच्या एका फोटोएवढी. त्या बदल्यात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तीन प्रतींची बिल्टी ठोकून काढणारा डॉट मॅट्रिक्स कुणाला न विचारता चालतो. सौदा वाईट नाही.

खरी कटकट प्रिंटर नसलेल्यांची, म्हणजे संगणकावरून कापणारी-कोरणारी यंत्रं चालवणाऱ्या सीएनसीवाल्यांची. २ ते ९ या डेटा पिनांवरून ते प्रिंटरला अक्षरं नाही, स्टेपर मोटरला ठोके पाठवतात. प्रोग्रॅमनं पोर्ट एकट्यासाठी मागितला की कर्नल नकार देतो, कारण एलपीनं तिथं आधीच नाव नोंदवलेलं असतं. अशा वेळी तिन्ही मॉड्यूलं उपटू नयेत. पीपीडेव्ह गेलं तर त्याच्यामार्फत पोर्ट वापरणारा प्रोग्रॅमही आंधळा होतो. फक्त त्या इवल्या फाइलीत एलपीच्या ओळीपुढे हॅश टाकावा आणि 'मॉडप्रोब वजा आर एलपी' म्हणून ते उतरवावं. छपाई चालू असेल तर मॉड्यूल वापरात असल्याचं सांगून ते हलणार नाही. काम संपू द्यावं. ब्लॅकलिस्ट, म्हणजे आपोआप चढू न द्यायच्या मॉड्यूलांची यादी, तीही चालते, पण हातानं मॉडप्रोब करून चढवलं तर ती आडवी येत नाही.

एवढं करूनही मोटर हलली नाही तर पोर्टचा पत्ता तपासावा. मदरबोर्डवरचा पोर्ट बहुधा हेक्स ३७८ वर असतो, पीसीआय एक्सप्रेस कार्डावरचा भलतीकडेच. प्रॉक फोल्डरातली आयओपोर्ट्स फाइल खरा पत्ता दाखवते. सीरियल आणि पॅरलल एकत्र असलेल्या काही कार्डांना पारपोर्ट-सीरियल हे वेगळं मॉड्यूल लागतं.

यूएसबी-पॅरलल केबलवाल्यांनी यात पडूच नये. त्यांचीही फाइल एलपी-शून्यच, पण यूएसबी फोल्डरातली, यूएसबीएलपीनं बनवलेली. वरची तिन्ही मॉड्यूलं काढली तरी तिचं काही अडत नाही. मात्र ती केबल फक्त प्रिंटरपुरती. पिना हातात येत नसल्यानं मोटर तिच्यावर चालत नाही.