मे महिन्यातली रेंज खरी नसते

आमची विहीर घरापासून सव्वा किलोमीटरवर. पाथरी तालुका, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं शिवार, जिकडं बघावं तिकडं ऊस. थ्री फेज लाईट रात्रीची असली की आण्णा दोनला उठून बॅटरी घेऊन निघायचे, कारण विहिरीत पाणी खाली गेलेलं असताना मोटार चालू राहिली तर ती कोरडी फिरते आणि मग रिवाइंडिंगचा खर्च, शिवाय पाळी गेली ती वेगळीच. पावसाळ्यात त्या बांधानं जायचं म्हणजे विंचूकाट्याची भीती. "पाणी हाय का नाई एवढं घरी कळलं तरी बस झालं रे," असं ते एकदा म्हणले आणि तेव्हापासून मी याच्या मागं लागलो.

आधी कागदावर लिहिलं की पाठवायचं काय आहे. पाईपला तीन उंचीवर तीन फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारी बटणं, सगळ्यात खालचा फुटव्हॉल्वच्या (पाणी ओढणाऱ्या पाईपच्या तळाच्या झडपेच्या) वर दोन हात. ही माहिती एका बाईटमध्ये बसते, वर बॅटरीचं व्होल्टेज आणि पाकिटाचा, म्हणजे एका वेळच्या संदेशाचा, नंबर धरला तरी आठ बाईट पुरतात, दर पंधरा मिनिटाला. लोक याच्या उलट करतात, आधी रेडिओचं मॉड्यूल मागवतात आणि मग त्याच्यात काय भरायचं ते शोधत बसतात. आठ बाईट म्हणल्यावर वायफायची गरजच संपली, कारण वायफाय वेगासाठी आहे आणि त्या वेगाची किंमत अंतरात आणि बॅटरीत द्यावी लागते. सिमवाल्या जीएसएम मॉड्यूलचा विचार केला होता पण ते पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, साध्या सेलचं व्होल्टेज तिथंच बसतं आणि मॉड्यूल रीसेट होतं, वर दर महिन्याचा रिचार्ज. २.४ गिगाहर्ट्झचं एनआरएफ२४ रेडिओ मॉड्यूल मोठ्या अँटेनासकट आणून बघितलं, मधल्या लिंबाच्या झाडापर्यंत चाललं, पुढं नाही.

मग लोरा, थोडीच माहिती पण कमी बॅटरीत लांब पाठवायची रेडिओची पद्धत. लोराची गोष्ट मला फार आवडते. साधा रेडिओ एका ठराविक सुरात बोलतो, लोरा तो सूर खालून वर चढवत नेतो. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभा असलेला माणूस वाऱ्यात बोलला तर काही कळत नाही, पण त्याची लांब चढवत नेलेली आरोळी तीन वावरं पलीकडं ओळखू येते, तसंच. रिसीव्हरला चढण कशी असणार हे माहीत असतं म्हणून गोंगाटाच्या खाली दबलेला सिग्नलसुद्धा तो वेचून काढतो, सगळ्यात लांब आरोळीला, म्हणजे एसएफ१२ ला, तर गोंगाटापेक्षा २० डीबी (डीबी म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं माप) खालचा. ही पद्धत फ्रान्समधल्या सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीची, २०१२ मध्ये सेमटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीनं ती घेतली. एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, आरोळी किती लांबवायची ते. एक पायरी वर गेलं की अडीच डीबीच्या आसपास फायदा आणि हवेतला वेळ जवळपास दुप्पट. वीस बाईटचं पाकीट १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थवर (सूर जेवढ्या पट्ट्यात चढतो ती रुंदी) एसएफ७ ला ५७ मिलिसेकंदात जातं, एसएफ१२ ला सव्वा सेकंदाच्या वर लागतो.

मॉड्यूल घेताना फ्रिक्वेन्सी बघा, हे कळकळीनं सांगतो. स्वस्तात बहुतेक ठिकाणी ४३३ मेगाहर्ट्झचं मिळतं, काही ठिकाणी ९१५ चं म्हणून विकतात. आपल्याकडं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून बिनपरवाना आहे (२०२१ पासून ८६८ पर्यंत), १ वॅट ट्रान्समीटर पॉवर आणि २०० किलोहर्ट्झ बँडविड्थच्या आत. ९१५ अमेरिकेचं आहे, आपल्याकडं त्याच्या खालीच मोबाईल टॉवरकडं जाणारा ९०० चा पट्टा आहे, तिथं घुसायचं कारण नाही. एसएक्स१२७६ चिपचं ८६८ लिहिलेलं मॉड्यूल घ्या आणि प्रोग्रामात ८६६ टाका, चिप मुकाट ऐकते. एकच विहीर असल्यामुळं लोरावॅन (खूप लोरा मॉड्यूल एकत्र जोडायचं नेटवर्क), गेटवे, सर्व्हर या भानगडीत पडलो नाही, दोन मॉड्यूल एकमेकांशी बोलतात तेवढं पुरे.

बॅटरीचं. मॉड्यूल चालवायला पहिल्यांदा ईएसपी३२ चिपचा तयार बोर्ड लावला आणि डीप स्लीप टाकला. चिप झोपते, पण बोर्डवरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि ती लाल लाईट झोपत नाहीत, मीटर लावला तर १० मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला २४० एमएएच, २५०० चा सेल दहा दिवसात संपला. मग ३.३ व्होल्टचा प्रो मिनी हा साधा बोर्ड घेतला, लाईट आणि रेग्युलेटर काढून टाकले, सगळं मिळून झोपेत २० मायक्रोअँपिअर आलं. एसएफ१० ला आठ बाईट पाव सेकंदात जातात, तेव्हा १२० मिलिअँपिअर, दिवसातून ९६ वेळा, हिशोब केला तर दीड एमएएचच्या आत. झोपेचा हिशोब पाठवण्याच्या हिशोबाच्या निम्म्याहून जास्त निघाला!

सेल मात्र लिथियम आयर्न फॉस्फेटचा. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं, बंद डब्यात त्याच्याही बरंच वर, आणि साधा लिथियम आयन सेल ४५ च्या वर चार्ज करू नये. डबा पांढरा, वर पत्र्याची सावली.

आता जिथं मी खरा अडकलो ते. मे महिन्यात टेस्ट केली. ऊस तेव्हा गुडघ्याएवढा, वावर मोकळंच. विहिरीच्या कठड्यावर चार फुटावर अँटेना, एसएफ७, घरी उणे १०४ डीबीएम (उणे आकडा जेवढा मोठा तेवढा सिग्नल कमजोर), एकही पाकीट गळालं नाही. मी खूश, आण्णा खूश, जूनपासून त्यांची झोप सुरू झाली. ऑगस्ट गेला, ऊस डोक्याच्या वर गेला आणि पाकिटं गळायला लागली, सप्टेंबरात पाऊस पडून गेला की दोन-दोन तास काहीच नाही. एसएफ७ ची हद्द उणे १२३ च्या आसपास, आम्ही तिच्या काठावर आलो होतो. अँटेना बदलली, मॉड्यूल बदललं, सोल्डरिंग परत केलं, सगळं ठीक होतं. त्या पंधरा दिवसात आण्णा परत रात्री जायला लागले, आणि ते मला फार लागलं.

कारण ऊसच होता. ओलं पान म्हणजे पाणी, पाणी सिग्नल खातं. आणि दोन अँटेनांच्या मधे नुसती सरळ रेघ मोकळी असून भागत नाही, रेघेभोवती मधे फुगलेली जागा मोकळी लागते, फ्रेनेल झोन म्हणतात तिला. सव्वा किलोमीटरला ८६६ वर बरोबर मधोमध तिची त्रिज्या १० मीटरच्या आसपास येते, निदान साठ टक्के मोकळी पाहिजे. आणि मी अँटेना बारा फुटी उसात चार फुटावर ठेवली होती.

वीस फुटी जीआय पाईप उभा केला. इथंही एक गोष्ट, डबा खाली ठेवून वर नुसती अँटेना नेली असती तर अँटेनाच्या पातळ कोॲक्स केबलमध्येच सहा मीटरला निम्मी किंवा जास्त ताकद गेली असती, म्हणून डबाच वर चढवला आणि फ्लोटच्या वायरी खाली सोडल्या. पाईपला अर्थिंग केलं, शेजारच्या लिंबापेक्षा तो खालीच ठेवला, आपल्याकडं वीज पडायचं प्रमाण माहितीच आहे. घराकडची अँटेना टाकीवर. एसएफ१० केला. फ्रेनेल पूर्ण मोकळा झाला नाही पण भर पावसानंतरही उणे १०८-११० येतंय आणि एसएफ१० ला उणे १३० च्या पुढंपर्यंत ऐकू येतं.

आण्णांच्या खाटेजवळ भिंतीवर तीन लाईटी आणि एक बझर आहे. खालची लाल लागली की ते मला हाक मारतात. चुलत्यांनाही बसवून पाहिजे, पण त्यांची विहीर टेकडीच्या पलीकडं, तिथं टेकडीवर मधे एक रिपीटर, म्हणजे ऐकून पुढं पाठवणारं मॉड्यूल, लागेल. तो रिपीटर ऊस उभा असतानाच लावून बघणार.